स्थिर डोळा, धूसर पंख

कॅलिफोर्नियातल्या आमच्या गॅलरीत सॅल्व्हियाची कुंडी आहे. तिच्यावर ॲनाज हमिंगबर्ड या जातीचा एक नर रोज सकाळी येतो. प्रथम दिसतो तेव्हा त्याचा गळा कोळशासारखा काळा असतो. मग तो मान जराशी वळवतो आणि गळ्यापासून कपाळापर्यंत सगळं डोकं लख्ख राणी रंगाचं होतं. पुन्हा मान वळली की पुन्हा काळं.

पुण्याहून आलेली आई त्याला पाहून चटकन म्हणाली, "अरे, हा तर शिंजीर!" चोच, चमक, फुलातला रस पिणं, सगळं तसंच आहे. पण नातं काही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात, आणि त्यांचं जवळचं गोत्र आहे आपल्या पाकोळ्यांशी. शिंजीर बहुधा फांदीला धरून रस पितो. हा मात्र हवेतच उभा राहतो.

त्या राणी रंगावर मी अजून रेंगाळणार आहे. पैठणीचा धूपछाव पदर हलवला की दोन रंग दिसतात, कारण विणताना दोन रंगांचे धागे घातलेले असतात. या पिसांत राणी रंगाचा धागाच नाही. तिथे आहेत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चपट्या चकत्या. त्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे आणि त्यांचे थरावर थर. थराथरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळून एकच रंग उजळवतात, तोही ठरावीक कोनातून. म्हणून हा रंग पाहणाऱ्यानं योग्य जागी असावं लागतं. विणीच्या काळात नर उंच चढून मादीच्या दिशेनं सूर मारतो, तेव्हा तो सूर्याकडे तोंड करून झेपावतो. रंग तिला दिसावा अशीच ती झेप असते. झेपेच्या तळाशी एक तीक्ष्ण 'चीप' ऐकू येतो. तान समेवर यावी तसा नेमका. हा आवाज गळ्यातून नाही, शेपटीच्या कडेच्या पिसांतून वाऱ्यानं निघतो, हे २००८ साली बर्कलीच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

आता छायाचित्रांकडे. हमिंगबर्डच्या छायाचित्रणाचा पाया घालणाऱ्यांत क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांचं नाव घ्यावंच लागतं. ते रसायन अभियंता आणि ड्युपाँट कंपनीचे अध्यक्ष. अतिवेगवान फ्लॅश घेऊन त्यांनी दोन्ही अमेरिका पालथ्या घातल्या आणि १९६० साली 'हमिंगबर्ड्स' हे पुस्तक सिद्ध केलं. डोळ्यांना नुसतं धुकं दिसतं तिथे त्यांच्या चित्रांत पंखाचं एकेक पीस मोजता येतं. मागे जाताना पंख खांद्यातून उलटा फिरतो, पालथा तळवा उताणा करावा तसा, हेही दिसतं. पंख दोन्ही दिशांना वजन पेलतो, म्हणूनच हा पक्षी हवेत उभा राहू शकतो. हे पाहायला काळ गोठवणं भागच होतं.

पण पाहण्याची एक गरज भागली म्हणून रसास्वादाची भागत नाही. आज इक्वेडोर, कोस्टारिकात फुलाभोवती चार-पाच फ्लॅश मांडतात, मागे हिरवा छापील पडदा लावतात. चित्र निर्दोष येतं, पण पक्षी काचेच्या पेटीतल्या दागिन्यासारखा वाटतो. मला १/५०० सेकंदाच्या आसपासचं, निव्वळ सूर्यप्रकाशातलं चित्र श्रेष्ठ वाटतं. ॲनाजचे पंख सेकंदाला चाळीसहून अधिक वेळा हलतात. १/५०० सेकंदात पंख आपल्या एका दिशेच्या फटकाऱ्याचा पाचवा-सहावा हिस्सा पार करतो आणि कागदावर धुरकट पंखा उमटतो. डोकं मात्र हवेत खिळल्यासारखं स्थिर असतं, त्यामुळे डोळ्यातला प्रकाशाचा ठिपकाही स्पष्ट येतो. एका देहात इतकी धावपळ आणि इतकी निश्चलता. या पक्ष्याचं सौंदर्य या जोडीत आहे, आणि सगळंच गोठवलेल्या चित्रात ती जोडी तुटते.

हे मला पहिल्यांदा पटलं ते इक्वेडोरमधल्या क्विटोजवळ, पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावरच्या यानाकोचा अभयारण्यात. तिथे खड्गचोच्या हमिंगबर्ड येतो. चोच सुमारे दहा सेंटिमीटर. शेपटी सोडली तर अंगाहूनही लांब. लांबट नळीच्या फुलांशी जुळलेली ही चोच पिसं साफ करायला कुचकामी, म्हणून तो पायांनी अंग खाजवतो. फांदीवर बसला की चोच आकाशाकडे धरतो, कारण आडवी धरली तर तोल जाईल. हवा विरळ असल्यानं तिथे पंखांना अधिक मोठा घेर घ्यावा लागतो. मी तासभर नुसता पाहत होतो. कॅमेरा काढला तेव्हा ढग आलेले होते, शटर मंद करावंच लागलं. पंख विरघळले, आणि त्या विरघळलेल्या पंखांमधून ती लांब, स्थिर चोच फुलात शिरताना दिसली. माझ्या सगळ्या चित्रांत ते एक मला जवळचं आहे.

मुलांकडे, नातवंडांकडे अमेरिकेला जाणार असाल तर खिडकीबाहेर फीडर जरूर टांगा. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी; लाल रंग नको, मध नको, आणि दर दोन-तीन दिवसांनी धुऊन नवं भरा. पहिले काही दिवस कॅमेरा ठेवा बाजूला. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसा, म्हणजे गळ्याचा रंग तुमच्याकडे परतेल.