जांगगुम, शेवळाची भाजी आणि माझ्या तक्त्यातला सातवा रकाना

‘पेट’ पास झालेले, सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेले बरेच जण विचारतात, संशोधन पद्धतीवर कुठलं पुस्तक वाचू? पुस्तकांवर लिहीनच, पण आज एका मालिकेबद्दल लिहिते. मालिका कोरियन आहे, ऐतिहासिक आहे आणि 54 भागांची आहे. नाव ‘डे जांगगुम’. एमबीसी या कोरियन वाहिनीवर ती 2003-04 मध्ये आली. दिग्दर्शक ली ब्युंग-हून, लेखिका किम यंग-ह्युन. आपल्याकडे 2006 च्या सुमारास ती दूरदर्शनवर लागायची.

तेव्हा मी शाळेत होते. मुरबाडकडच्या आमच्या घरी केबल नव्हती, कौलावर अँटेना होता, त्यामुळे जे लागेल ते बघायचं. आईला राजा-राणीत रस नव्हता. ती बघायची कारण मालिकेतल्या बायका सतत काहीतरी चिरत, वाटत, उकडत असायच्या. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी ती लॅपटॉपवर पुन्हा पाहिली, सगळीच्या सगळी. माझा विषय वनस्पतिशास्त्रातला आहे. सिद्धगडच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये औषधी आणि रानभाज्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींची मी नोंद करते. मालिका बघताना लक्षात आलं की माझ्या नोंदवहीत नेमकं काय चुकतंय ते या कथेतल्या एका दहा-बारा वर्षांच्या मुलीला माझ्याआधी कळलेलं आहे.

थोडक्यात कथा. पोरकी जांगगुम राजवाड्याच्या स्वयंपाकघरात शिकाऊ म्हणून येते, लेडी हान तिची गुरू होते. कारस्थानात दोघी अडकतात. लेडी हानचा मृत्यू होतो, जांगगुमला जेजू बेटावर पाठवलं जातं. तिथे ती वैद्यक शिकते, परत येते आणि शेवटी खुद्द राजाची वैद्य होते.

सुरुवातीच्या भागांमधले दोन प्रसंग प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने बघावेत. पहिला पाण्याचा. लेडी हान लहान जांगगुमला प्यायचं पाणी आणायला सांगते. गरम आणलं तर नको, गार आणलं तर नको. दिवसचे दिवस हेच चालतं. शेवटी मुलगी पाणी आणण्याआधी विचारते, पोट दुखतंय का, घसा धरलाय का? धडा तिथे संपतो. पाणी द्यायचं असलं तरी पिणाऱ्याला आधी विचारावं लागतं.

दुसरा प्रसंग चवीचा. पदार्थाला गोडी कशाने आली, असा प्रश्न असतो. जांगगुम म्हणते, पिकलेल्या पर्सिमन फळाने. कशावरून, असं विचारल्यावर ती गोंधळते, कारण तिच्याकडे सिद्धांत नाही. जिभेला ते फळ लागलं म्हणून तिने ते सांगितलं, एवढंच. निरीक्षण आधी आणि स्पष्टीकरण नंतर, हे आपण वर्गात तासभर शिकवतो. मालिका ते दोन मिनिटांत दाखवते, तेही हसवत.

पहिल्या वर्षी मी वाडीवर जायचे ती छापील प्रश्नावली घेऊन. वनस्पतीचं नाव, कुठला भाग वापरतात, कशासाठी. एका आजीला मी एक फांदी दाखवून विचारलं, “याचा उपयोग काय?” तिने उलट विचारलं, “कोनाला? पोराला का म्हातारीला? जेवलेल्याला का उपाशी?” मी मनात चिडले. माझ्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती. पुढे मालिकेत पाण्याचा प्रसंग पुन्हा पाहिला आणि त्या आजीची आठवण झाली. माझ्यासमोर बसून ती मला तोच धडा देत होती आणि मी तिच्याकडून फक्त रकाने भरून घेत होते.

मालिकेतलं स्वयंपाकघर मला खरं वाटतं तेही याच कारणाने. पूर्वार्धात जांगगुम जे शिकते तेच उत्तरार्धात तिला वैद्य म्हणून उपयोगी पडतं. आपल्याकडे शेवळाची भाजी घ्या. पहिल्या पावसात ठाणे जिल्ह्याच्या बाजारात शेवळं येतात आणि त्यांच्यासोबत काकडंही विकायला असतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने घसा खाजतो. म्हणून भाजीत आंबट काकडं घालायची. हे ज्या बाईने पहिल्यांदा शोधलं तिने एक प्रयोगच केला होता. तिचं नाव कुठेच नाही.

जांगगुमचं नाव मात्र उरलं. जोसॉन राजघराण्याच्या अधिकृत नोंदींमध्ये, राजा जुंगजोंगच्या काळात (1506 ते 1544), या नावाच्या वैद्य बाईचा उल्लेख जेमतेम दहा ठिकाणी येतो. 1515 मध्ये बाळंतपणानंतर राणीचा मृत्यू झाला तेव्हा तिला शिक्षा करा अशी मागणी झाली. 1544 मध्ये राजा आजारी असताना, त्याच्या दुखण्याची माहिती तिला आहे, अशा अर्थाचा उल्लेख आहे. तिचा जन्म, आईवडील, मृत्यू, काहीही नाही. स्वयंपाकघराचा तर उल्लेखच नाही. म्हणजे मालिकेचा पूर्वार्ध संपूर्ण कल्पित आहे.

संशोधक म्हणून याचा त्रास व्हायला हवा आणि थोडा होतोही. जेजूवर जांगगुमला शिकवणारी जांगदोक ही खरी व्यक्ती आहे, पण नोंदींमध्ये ती जांगगुमच्या काही दशकं आधी येते. मालिकेने दोघींना एकाच काळात आणून बसवलं. शिवाय जांगगुमची औषधं फार लवकर लागू पडतात. एक रोगी बरा झाला की निष्कर्ष पक्का. तिचा नायक तर इतका निर्दोष आहे की कंटाळा येतो. उत्तरार्धात प्रत्येक संकटातून ती एकटीच सगळ्यांना बाहेर काढते, तेव्हा सुरुवातीची ती प्रश्न विचारणारी मुलगी हरवल्यासारखी वाटते.

तिला परत आणतो तो शिन इक-पिल हा शिक्षक. तो जांगगुमला नापास करतो. तिला येत नाही म्हणून नव्हे, तिला फार लवकर येतं म्हणून. रोग्याला पुरतं न विचारता ती निदान करून मोकळी होते. हुशार विद्यार्थ्यांनी हे भाग दोनदा बघावेत. आणि गुमयंगकडेही लक्ष ठेवावं. ती जांगगुमची प्रतिस्पर्धी, तितकीच हुशार. घराण्याचं कारस्थान चुकीचं आहे हे तिला कळतं, पण त्यातून तिला बाहेर पडता येत नाही. प्रयोगशाळेत चार वर्षं काढल्यावर मला तिचाच जास्त कळवळा येतो.

जांगदोकची आणखी एक नोंद आहे. तिने आपली विद्या ग्वीगुम नावाच्या एका दासीला दिली होती. पुढे राजदरबाराने ग्वीगुमला ती विद्या इतर मुलींना शिकवायला सांगितलं, आणि ती हातचं राखून ठेवते म्हणून तिच्यावर ठपकाही आला. तिचं म्हणणं असं की हे शिकायला तिला लहानपणापासून कितीतरी वर्षं लागली, इतरांना जमत नाही त्याला ती काय करणार. हे वाचलं तेव्हा मला माझी प्रश्नावली आठवली. कागद घेऊन वाडीवर जाणारी मीही थोडी दरबारासारखीच होते.

आता मूळ मुद्दा. माझ्या तक्त्यात सातवा रकाना ‘माहितीदार’ हा होता. त्यात नावं नव्हती, ‘मा-1’, ‘मा-2’ असे क्रमांक होते. नियम म्हणून ते बरोबर आहे. नाव छापल्याने त्रासही होऊ शकतो. नरक्यासारखी झाडं कर्करोगाच्या औषधासाठी मागणी आल्यावर बेसुमार तोडली गेली. कोण काय जाणतं याचा पत्ता व्यापाऱ्याला मिळू नये हे खरंच. पण दहा ओळींवरून एका बाईचं अख्खं आयुष्य उभं करणारी मालिका बघितल्यावर, समोर बसलेल्या बाईचा मी एक क्रमांक करते आहे, हे मला टोचायला लागलं.

मग मी परत गेले आणि एकेकीला विचारलं, तुमचं नाव लिहू का? काहीजणी हो म्हणाल्या, काहीजणींनी साफ नाही सांगितलं. ती आजी म्हणाली, “माझा नको बाय. माझ्या सासूचा टाक. तिनं शिकवलं मला.”

आता माझ्या तक्त्यात आठवा रकाना आहे, ‘कोणाकडून शिकलं’. मार्गदर्शकांनी विचारलं, याचं विश्लेषण कसं करणार? अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्या विषयात माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर प्रश्नावली छापण्याआधी या मालिकेचे पहिले दहा भाग बघा. मग तुमचा सातवा रकाना एकदा तपासा.