कपावरची खाण

चहाच्या मगांवर, जिगसॉ कोड्यांवर आणि दिवाणखान्यात टांगायच्या पोस्टरांवर आज अमेरिकेतील जुन्या कोळसा खाणींतली मुले छापून विकली जातात. काळवंडलेले चेहरे, टोपीला अडकवलेला दिवा, अंगात मोठ्या माणसाचा कोट. वाढदिवसाला देण्याजोगी वस्तू म्हणून ती खपते. अशा वस्तूची समीक्षा कशाला, असे कुणी विचारील. दुसऱ्याच्या कष्टाचे चित्र पाहून प्रसन्न होणारी अभिरुची जिथे घडते, तिथे दलित समीक्षकाने गेलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

यांतली अनेक छायाचित्रे लुईस हाइन यांची आहेत. हाइन न्यूयॉर्कमधले शाळामास्तर. १९०८ पासून त्यांनी राष्ट्रीय बालमजूर समितीसाठी गिरण्या आणि खाणी पालथ्या घातल्या. मालक आत येऊ देत नसत, म्हणून ते कधी बायबल विकणाऱ्याचे, तर कधी पोस्टकार्डे विकणाऱ्याचे सोंग घेत. प्रत्येक चित्राखाली ते वय, काम आणि ठिकाण लिहीत. जमेल तिथे मजुरीही नोंदवीत.

वेस्ट व्हर्जिनियातले सप्टेंबर १९०८ मधले एक छायाचित्र घ्या. जमिनीखाली, खाणीतल्या लाकडी दाराशी एक मुलगा बसला आहे. हाइन यांची नोंद सांगते: वय १५, कित्येक वर्षे हेच काम, रोज १० तास, मजुरी ७५ सेंट. गाड्या आल्या की दार उघडायचे, गेल्या की लावायचे. उरलेला वेळ अंधारात बसून काढायचा. त्या दारावर खडूने पाखरे काढलेली आहेत. काळोख इतका होता की ती पाखरे हाइन यांना काच धुतल्यावरच दिसली.

हा मथळा म्हणजे चित्राची शोभा नव्हे, ती साक्ष आहे. अशा साक्षींच्या बळावर १९१६ मध्ये बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. १९१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. टिकणारा कायदा यायला १९३८ साल उजाडले. १९४० मध्ये हाइन वारले तेव्हा ते कंगाल होते. राहते घरही हातचे गेले होते.

आज ही छायाचित्रे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत आणि कुणालाही त्यांची प्रत घेता येते. याला माझा आक्षेप नाही. लोकांचा पुरावा लोकांच्या हाती असावा. आक्षेप आहे तो कात्रीला. मगावर मुलगा येतो, पण ७५ सेंट येत नाहीत. पाखरे येतात, १० तास येत नाहीत. मजुरी आणि तास कापले की मालकही चित्रातून निसटतो. उरतो तो फक्त गोड, मळका, जुना काळ.

आपल्याकडच्या कलावाद्यांना यात काही वावगे वाटणार नाही. कलेतले दुःख शेवटी आनंदच देते, करुण रसही आस्वाद्य असतो, असे ते आपल्याला शिकवत आले. हा सिद्धांत बाजारात नेला की त्याचा मग होतो. आस्वाद घेणाऱ्याला दुःखाचे कारण विचारावे लागत नाही, एवढीच त्याची सोय.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खाणकामगाराचे नातवंडही असा मग घेऊ शकते, आणि ते अभिमानाने घेईल. खरे आहे. पण त्या घरात मथळा आजोबांच्या खोकल्यासकट तोंडपाठ असतो. बाबासाहेबांची तसबीर आपल्या झोपडीत लागते तेव्हा ती शोभेसाठी नसते, कारण ती का लावली हे घरातले पोरही सांगू शकते. वस्तू तीच असली तरी कारण ठाऊक असणे आणि नसणे यांत फरक पडतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. मजुरांची राहती घरेही त्यांनी पाहिली. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीकडे असेही पाहता येते. त्या पाहण्यातून निधी उभा राहतो, घराचा आणि दवाखान्याचा प्रश्न निघतो.

ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. गटारात उतरलेल्या माणसाचे छायाचित्र आपल्या चळवळीतल्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर येते, भित्तिपत्रकांवर येते, परिसंवादाच्या पिशवीवरही येते. त्याखाली किती वेळा त्याची मजुरी असते? कंत्राटदार कोण, ते असते? त्याची परवानगी घेतलेली असते? छायाचित्रकाराचे नाव मात्र कोपऱ्यात न चुकता असते. मगवाल्याला दोष देण्याआधी आपल्या संपादकांनी एवढा नियम करावा: त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचे चित्र छापायचे नाही, आणि काम, तास व मजुरी सांगितल्याशिवायही नाही. जागा कमी पडली तर चित्र लहान करावे.