समलिंगी कल : निसर्ग की परिस्थिती? — एका वादाची शब्दचिकित्सा

समलिंगी आकर्षण जन्मजात असते की परिस्थितिजन्य, हा वाद मराठीला नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (१९२७–१९५३) वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. तशा काही उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. समलिंगी संबंधांविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. ज्यांची इच्छा निसर्गतःच तशी असते त्यांना दोषी मानण्याचे कारण नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. कर्वे यांना दंड झाला. परंतु युक्तिवादाची ती दिशा टिकून राहिली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. त्या वेळी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या निकालपत्रातही हा कल निसर्गदत्त असल्याचा मुद्दा ठळकपणे आला आहे.

या युक्तिवादाचे ऐतिहासिक औचित्य मान्य केले पाहिजे. १८६० च्या दंडविधानातील कलम ३७७ ची भाषाच ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाची होती. आरोपच निसर्गाच्या नावे केलेला असल्यामुळे उत्तरही निसर्गाच्याच नावे देणे क्रमप्राप्त होते. तथापि बचावासाठी उपयोगी पडलेले विधान सिद्धान्त म्हणून पुरेसे ठरते काय, हा प्रश्न उरतोच.

वादातील दोन्ही पक्ष वरवर परस्परविरोधी दिसतात. एक म्हणतो, हा कल जन्मजात आहे, म्हणून निर्दोष आहे. दुसरा म्हणतो, तो संगतीने वा संस्काराने लागलेला आहे, म्हणून सोडविता येईल. वस्तुतः दोघांच्याही बोलण्यामागे एकच समीकरण उभे आहे : जन्मजात म्हणजे अपरिवर्तनीय, आणि परिस्थितिजन्य म्हणजे ऐच्छिक. निदान भाषेच्या अभ्यासकाने तरी हे समीकरण स्वीकारू नये.

त्यासाठी दूर जावयास नको. भंडारा जिल्ह्यातील झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे वर्ण नाहीत. तेथे पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचे स्वतंत्र रूप मांडले. तत्पूर्वी ती केवळ ‘अशुद्ध मराठी’ गणली जाई. आता विचार करावा : साकोलीचे मूल ‘पानी’ म्हणते याचे कारण त्याच्या रक्तात नाही. तेच मूल पुण्यात वाढले असते तर ‘पाणी’ म्हणाले असते. म्हणजे हे लक्षण सर्वस्वी परिस्थितिजन्य आहे. पण म्हणून ते मुलाने निवडले काय? आणि छडीने ते मुळापासून पालटता येते काय? तशात बोली परिस्थितीने मिळते, तरी बोली आत्मसात करण्याची शक्ती उपजत असते. एकाच उच्चारात निसर्ग आणि परिस्थिती अशी गुंतलेली असतात की, त्यांची वाटणी करणे व्यर्थ ठरते. हा दृष्टान्त आहे, पुरावा नव्हे. परंतु ‘परिस्थितिजन्य’ या शब्दातून ‘ऐच्छिक’ हा अर्थ निघत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते.

प्रत्यक्ष संशोधनही या द्वंद्वाला अनुकूल नाही. १९९१ मध्ये बेली व पिलार्ड यांनी समलिंगी पुरुषांच्या भावांचा अभ्यास केला. भाऊही समलिंगी असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत ५२ टक्के, द्विबीज जुळ्यांत २२ टक्के आणि दत्तक भावांत ११ टक्के आढळले. आनुवंशिकतेचा वाटा येथे दिसतो. पण एकबीज जुळ्यांतही तो शंभर टक्के नाही. १९९६ मध्ये ब्लँचार्ड व बोगार्ट यांनी मांडले की, थोरल्या भावांची संख्या वाढते तशी धाकट्याचा कल समलिंगी असण्याची शक्यता किंचित वाढते. याचे कारण त्यांनी मातेच्या गर्भावस्थेतील प्रतिक्रियेत शोधले. ते खरे असेल तर या कारणाला काय म्हणावे? ते जनुकात नाही, म्हणून परिस्थितीचे. आणि जन्मापूर्वीचे, म्हणून जन्मजात! २०१९ मध्ये सुमारे ४,७७,००० व्यक्तींच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात एकच निर्णायक जनुक आढळला नाही. अनेक जनुकांचा अल्प अल्प प्रभाव मात्र दिसला, आणि त्यावरून व्यक्तीचे भाकीत करता येत नाही.

यातील धोका केवळ तार्किक नाही. ज्याची प्रतिष्ठा जनुकावर उभी केली, त्याची प्रतिष्ठा प्रत्येक नव्या शोधनिबंधाबरोबर डळमळणार. उलट ‘परिस्थिती’चा अर्थ ‘सुधारणीय’ असा केल्यामुळे कित्येक तरुणांवर ‘उपचार’ लादले गेले आणि आयांना दोष दिला गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले.

आपले ललित साहित्य येथे शास्त्रीय वादाच्या एक पाऊल पुढे आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात मित्राच्या ऱ्हासाची कारणे दिसतात. तिच्या कलाचे कारण नाटक सांगत नाही. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही सख्खी भावंडे एकाच घरात राहून एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. अनुजाच्या आकर्षणाचे कारण कोणताही वाचक विचारणार नाही. तनयच्या आकर्षणाचे मात्र विचारील. भाषाविज्ञानात चिन्हित आणि अचिन्हित असा भेद करतात : जे रूढ ते अचिन्हित, त्याला स्पष्टीकरण लागत नाही; जे वेगळे ते चिन्हित, त्याच्याकडे खुलासा मागितला जातो. कुंडलकरांनी दोघांनाही सारखाच विरह देऊन हा भेद पुसला आहे.

कारणांचा शोध शास्त्राने अवश्य घ्यावा. परंतु तो आकर्षणमात्राच्या कारणांचा असावा, एकाच प्रकारच्या आकर्षणाचा नव्हे. आणि त्या शोधाचे उत्तर काहीही येवो, माणसाचा अधिकार त्या उत्तरावर टांगून ठेवू नये. झाडीबोलीला मान देण्यापूर्वी ‘ण’ का नाही याचा निर्णय लागावा, अशी अट कोणी घालीत नाही.