गोळी सुटल्यानंतरची गोष्ट

मंडळी, रिठदला शिकारकथेवर बोलायचं म्हणजे जरा धाडसच. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक तूर-सोयाबीनच्या जागलीवरून आले असतील. रोही आणि रानडुकरं काय करतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! तरी माझी तक्रार ऐका. आपली बहुतेक शिकारकथा गोळी सुटली की संपते. माझ्या मते ती तिथे सुरू व्हायला हवी.

जनावर जागीच पडत नाही, जखमी होऊन पळतं. मग माग काढायचा. फेसाळ, लालभडक रक्त दिसलं तर फुफ्फुसाला लागलंय. रक्तात चाऱ्याचा हिरवट अंश असेल तर पोटात. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच धावलं तर ते लांब पळतं. थोडं थांबलं तर जवळच्या झुडपात बसतं. हे काम कंटाळवाणं, धोक्याचं. त्यात टाळ्या नाहीत, म्हणून कथेत त्याला जागा नाही.

जिम कॉर्बेट इथे वेगळे ठरतात. १९४४ च्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’च्या सुरुवातीलाच ते सांगतात, की निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी वाघाचा न काढलेला माग, यातूनही नरभक्षक तयार होतो. १९०७ साली त्यांनी मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. तिने ४३६ माणसं मारली, असं ते लिहितात. ती गोळी झाडणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने गोष्ट तेव्हाच संपली होती.

आता श्रवणबाळाची कथा. कीर्तनात आपण शाप ऐकतो आणि डोळे पुसतो. पण वाल्मीकींचा दशरथ बाण सोडल्यावर काय करतो, ते बघा. अंधारात, न बघता, नुसत्या आवाजावर बाण मारला, हा त्याचा अपराधच. पण आर्त हाक ऐकून तो तिकडे जातो. बाण ठेवला तर यातना, काढला तर मरण, या पेचात उभा राहतो. मुलगा सांगतो म्हणून बाण काढतो. आणि मग पाण्याचा तोच घडा भरून आंधळ्या आईबापांकडे निघतो. पळून जाता आलं असतं, नाही का? कुणी पाहिलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सर, पीक आमचं गेलं, डुकराची दया कशाला? दया बाजूला ठेवू. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पिकासाठी लेखी परवानगी मिळू शकते. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत जनावराला इजा करणं हीसुद्धा शिकारच आहे. आणि जखमी डुक्कर रात्री धुरा ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत बसलं, तर सकाळी तिथे निंदायला कोण जातं? एखादी मजुरीवरची बाई. तिला काय माहीत आत काय बसलंय!

म्हणून शिकारकथा वाचताना नेम कसा होता, हे नंतर विचारा. आधी विचारा, हा मागावर गेला का?