डोंगरावरचा युरोप

दिवाळीच्या फराळाबरोबर प्रवासवर्णन चाखण्याची आपली सवय जुनी आहे. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली पुस्तकरूपाने आले आणि लंडन-पॅरिस ही शहरे मराठी घरांना मामाच्या गावाइतकी जवळची वाटू लागली. तेव्हापासून किती मंडळी युरोपला जाऊन आली आणि किती जणांनी लिहिले! सकाळी शहराचा फेरफटका, दुपारी चित्रसंग्रहालय, संध्याकाळी सुग्रास जेवण, असा त्या वर्णनांतला दिवस ठरलेला असतो. ही वर्णने मी आवडीने वाचतो; पण त्यांतल्या पुष्कळशा वर्णनांत एक गोष्ट मला खटकते. संग्रहालयात शिरलेला प्रवासी थोर नावांची यादी देऊन बाहेर पडतो, आणि उपाहारगृहात शिरला की पानेच्या पाने रंगतो. जेवणाची चव तो स्वतःच्या जिभेने घेतो. चित्राची मात्र दुसऱ्याने सांगितलेल्या कीर्तीवरून.

चित्राची चव स्वतःच्या डोळ्यांनी घ्यायला युरोपच गाठला पाहिजे असे नाही. औंधला जावे. आमच्या ताथवड्याजवळचे, पुण्यातले औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातले, यमाईचे औंध. ‘ये माई’ या हाकेवरून देवीला हे नाव पडले, असे भाविक सांगतात. तिच्या डोंगरावर औंधचे त्या वेळचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय उभारले. हा राजा स्वतः चित्रकार होता, कीर्तनकार होता आणि सूर्यनमस्काराचा पुरस्कर्ताही होता. दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, त्याने गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला. या दोन गोष्टी मला निरनिराळ्या वाटत नाहीत. ज्याला कुणब्याच्या हाती राज्य द्यावेसे वाटले, त्यालाच कुणब्याच्या डोळ्यांपुढे जगातली कला मांडावीशी वाटली.

संग्रहालयात राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रे आहेत, युरोपीय धर्तीची शिल्पे आहेत. आणि याच ठेव्यात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर याचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. मला येथे सर्वांत मोलाची वाटली ती रविवर्मा आणि मूर यांची शेजारीण-शेजारीण अशी गाठ.

रविवर्म्याने तैलरंगाचे तंत्र युरोपकडून घेतले आणि त्यात आपल्या पुराणांतल्या नायिका रंगवल्या. कांती, जरीचा काठ, डोळ्यांतले पाणी, सारे हुबेहूब. मूरची वाट नेमकी उलटी. हा खाणकामगाराचा मुलगा. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्यापूर्वी काही काळ शाळामास्तर होता. १९२१ साली तो शिकायला लंडनला आला आणि ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिको, इजिप्त, आफ्रिका येथली प्राचीन शिल्पे पाहत राहिला. ग्रीकांच्या गुळगुळीत सौंदर्याहून त्या दगडांतले बळ त्याला मोठे वाटले. आपण युरोपची नजाकत आणली, तर युरोपचा हा माणूस युरोपाबाहेरचा रांगडेपणा उचलून घेऊन गेला. ही दोन्ही देणीघेणी यमाईच्या डोंगरावर एकाच छपराखाली नांदत आहेत.

माझे मत विचाराल तर, रविवर्म्याचे चित्र पाहताना मन लगेच सुखावते, पण त्याला फारसे काम उरत नाही. गोष्ट आपल्याला ठाऊक असते आणि चित्र ती गोडपणे सांगते. मूर गोष्ट सांगत नाही. त्याच्या मातृशिल्पांत नाकाडोळ्यांचा थाट नसतो. असतो तो भार, आधार आणि एका देहाने दुसऱ्या देहाला दिलेली जागा. शाळेची मुले घेऊन मी गेलो होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, “गुरुजी, ही देवी का?” मूर कोण, हे तिला ठाऊक नव्हते. पण शेंदराखालचा तांदळा पाहिलेल्या त्या डोळ्यांना दगडातले आईपण ओळखायला पाटीची गरज पडली नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तिचा प्रश्न पुष्कळ टीकाग्रंथांहून नेमका वाटला.

मग पायथ्याशी शिदोऱ्या सुटल्या. ज्वारीची भाकरी, पिठले, मिरचीचा खर्डा. पिठले कोणाच्या घरचे, हे विचारून कोणी घास घेतला नाही. आधी घास, मग नाव. संग्रहालयात हाच क्रम आपण उलटा करतो.

आज आमच्या ताथवड्यातल्या उंच इमारतींतून दरवर्षी कोणी ना कोणी युरोपला जाते. अवश्य जावे, तिथले खावे, तिथले पाहावे. पण एका दिवसात दहा दालने उरकण्यापेक्षा एका शिल्पापुढे घटकाभर उभे राहावे, आणि पाटीवरचे नाव शेवटी वाचावे. बाळासाहेबांनी ज्या प्रजेवर विश्वास टाकला, तिच्याकडे नावे नव्हती, डोळे होते. ते डोळे आपल्याकडे अजून आहेत की नाहीत, एवढेच प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावे.