पीक, कारखाना आणि शिकाऊ उमेदवार : चहा व कापूस क्षेत्रांतील व्यावसायिक प्रशिक्षणाची चिकित्सा (विशेष संदर्भ – झरी जामणी तालुका)

बीजसंज्ञा : शिकाऊ उमेदवारी, चहा, कापूस, जिनिंग, आस्थापना, नई तालीम

प्रस्तावना

पीक वाढविणे आणि त्या पिकावर प्रक्रिया करणे, ही दोन्ही कामे एकाच शिकाऊ उमेदवाराला शिकविता येतात काय, हा शेतीशी निगडित व्यावसायिक शिक्षणातील मूलभूत प्रश्न आहे. चहाच्या क्षेत्रात तो दीर्घकाळ फारसा जाणवला नाही, कारण तेथे मळा आणि कारखाना एकाच कुंपणात उभे राहिले. कापसाच्या क्षेत्रात मात्र शेत एकाचे, वाहन दुसऱ्याचे आणि जिनिंग तिसऱ्याचे असते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील झरी जामणी तालुक्यात चहा पिकत नाही. काळ्या जमिनीतील कापूस हेच तेथील प्रमुख नगदी पीक आहे. तरीही चहाच्या प्रशिक्षणाचा नमुना समोर ठेवला, तर कापूस उत्पादक प्रदेशातील तरुण शिकाऊ उमेदवारीपासून दूर का राहतो, हे अधिक स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत लेखात याच अंगाने प्रचलित प्रशिक्षणव्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

चहा : एका कुंपणातील शिक्षण

चहाची प्रत खुडणीच्या क्षणी ठरू लागते. दोन पाने व एक कळी खुडली, तर पुढील प्रक्रियेला अर्थ उरतो. जून पाला आला, तर उत्तम यंत्रही त्याची भरपाई करू शकत नाही. खुडलेला पाला कोमेजविणे, वळणे, हवेच्या संपर्कात रंग व स्वाद येऊ देणे, वाळविणे आणि प्रतवारी करणे या क्रमाने चहा तयार होतो. साधारण साडेचार किलो हिरव्या पाल्यापासून एक किलो चहा मिळतो. पाला तासन्‌तास पडून राहिला तर तो तापतो व बिघडतो. म्हणून कारखाना मळ्याजवळच असावा लागतो. या तांत्रिक गरजेतूनच आसाममधील मळ्यांची रचना घडली. 1911 मध्ये टोकलाई येथे सुरू झालेल्या संशोधन केंद्राने लागवड आणि प्रक्रिया या दोहोंचा अभ्यास केला, तो याच कारणाने.

अर्थात हा नमुना निर्दोष नव्हे. मळ्यातील श्रमव्यवस्थेचा इतिहास करारबद्ध मजुरीचा व वेठीचा आहे. शिवाय अलीकडे देशातील निम्म्याहून अधिक चहा छोट्या उत्पादकांच्या पाल्यापासून तयार होतो व तो पाला विकत घेणाऱ्या कारखान्यांत जातो. म्हणजेच चहाचेही कुंपण मोडत आहे आणि त्याची स्थिती कापसासारखी होऊ लागली आहे. त्यामुळे चहाच्या प्रशिक्षणाचे केवळ अनुकरण हा उपाय ठरू शकत नाही. त्यातून घ्यावयाचे ते तत्त्व एवढेच, की पुढच्या टप्प्याचे ज्ञान मागच्या टप्प्यावरील हाताला असले पाहिजे.

कापूस : तुटलेली साखळी

हे तत्त्व कापसाला तितकेच लागू पडते. वेचणी करताना पोत्याचा प्लॅस्टिकचा धागा, केस वा रंगीत चिंधी कापसात गेली, तर तिचा परिणाम सूतगिरणीत तयार होणाऱ्या सुतावर दिसतो. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करताना आठ ते बारा टक्के ओलावा पाहते आणि बारा टक्क्यांपुढील कापूस नाकारते. एक क्विंटल कापसापासून साधारणतः 33 ते 35 किलो रुई निघते; 170 किलोची एक गाठ बांधण्यास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. दुहेरी रुळाच्या जिनमध्ये रूळ व पाते यांचा दाब चुकला, तर सरकी फुटते आणि धागा तुटतो. वेचणारी स्त्री, शेतकरी आणि जिनमधील फिटर ही तिन्ही माणसे एकाच धाग्याच्या प्रतीला जबाबदार आहेत. परंतु त्यांना एकत्र शिकविणारी सोय नाही. नागपूर येथे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तेथील शिक्षणाचा विषय स्वाभाविकपणेच जिनिंग हा आहे. शेताच्या बांधावरील शिक्षण कृषी विज्ञान केंद्राकडे व कृषी विभागाकडे जाते आणि ते प्रायः एकदिवसीय मेळाव्याच्या रूपात संपते.

या तुटीची किंमत केवळ धाग्याला मोजावी लागत नाही. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. फवारणी हे कुशल काम आहे. डब्यावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. वाऱ्याची दिशा, मिश्रणाचे प्रमाण आणि उंच वाढलेल्या पऱ्हाटीतून चालण्याची पद्धत यांचे ज्ञान आवश्यक असते. चहा मंडळाने 2014 मध्ये पीकसंरक्षण संहिता लागू करून कोणती औषधे वापरावीत हे निश्चित केले. निर्यातीतील अवशेषांची चिंता हे त्यामागील एक कारण होते. मळ्यात अशी संहिता व्यवस्थापनामार्फत कामगारापर्यंत पोहोचविता येते. झरी जामणीत मात्र फवारणारा मजूर कोणत्याही आस्थापनेचा कामगार नसतो. त्यातच तालुक्यातील कोलाम समाजाची मातृभाषा कोलामी आहे. विषाच्या डब्यावरील सूचना आणि वाचणारा यांच्यामधील अंतर येथे दुहेरी आहे.

अधिनियमातील ‘आस्थापना’

शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 हा कारखान्याची कल्पना समोर ठेवून रचला गेला. उमेदवार, मालक, नोंदणीकृत करार, विद्यावेतन व परीक्षा ही त्याची अंगे आहेत. 2014 च्या दुरुस्तीने ऐच्छिक व्यवसायांना वाव दिला. 2016 मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली. 2019 मधील नियमदुरुस्तीने तीस वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्याचे बंधन घातले. या तरतुदी स्वागतार्ह आहेत; परंतु पाच एकरांच्या शेतकऱ्याला त्या स्पर्शही करीत नाहीत. वणी, पांढरकवडा यांसारख्या बाजारपेठांतील जिनिंग कारखान्यांचे कामही मुख्यतः हिवाळा-उन्हाळ्यात चालते. ऐच्छिक व्यवसायातील उमेदवारीचा कालावधी सहा महिने ते तीन वर्षे. हंगाम संपल्यावर उमेदवाराने काय शिकावे, याचे उत्तर कारखान्यापाशी नाही. ते शेतापाशी आहे, कारण जिन बंद असते तेव्हा पेरणी, निंदणी व फवारणी चालू असते. दोन्ही कामांचे ऋतू एकमेकांना पूरक असताना प्रशिक्षण मात्र त्यांना वेगळे ठेवते, हा या व्यवस्थेचा मुख्य दोष होय.

वर्ध्याचा दाखला

कापसाची साखळी शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा प्रयत्न विदर्भातच झाला होता. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेने उत्पादक हस्तोद्योगाभोवती मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण मांडले आणि सूतकताई हा त्यातील प्रमुख उद्योग ठरला. कापूस साफ करणे, सरकी काढणे, पिंजणे आणि कातणे यांतून गणित व विज्ञान शिकविण्याची ती योजना होती. विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च भागविण्याच्या कल्पनेवर आक्षेपही घेतले गेले. शिक्षणाच्या नावाने बालश्रम सुरू होईल, अशी भीती त्यामागे होती. ती भीती आजही ग्राह्य आहे. हंगामी जिनिंगमध्ये ‘उमेदवार’ हा स्वस्त मजुराचा पर्याय ठरू नये. मात्र नई तालीमने ओळखलेली गोष्ट, म्हणजे वस्तूचा संपूर्ण प्रवास हाच अभ्यासक्रम, नंतरच्या धोरणांनी दुर्लक्षित केली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की उणीव योजनांच्या संख्येत नसून प्रशिक्षणाच्या एककात आहे. आस्थापना हे एकक मानले की कापसाचा शेतकरी, मजूर व वेचणारी स्त्री त्याबाहेर पडतात. पीक हे एकक मानले की ते आत येतात. यासाठी नव्या कायद्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना एका आस्थापनेतून दुसरीत पाठवीत प्रशिक्षण देण्याची मुभा अधिनियमाच्या कलम 8 मध्ये आहे. शेतकरी उत्पादक कंपनी व जिनिंग कारखाना यांनी एकत्रितपणे बारा महिन्यांचा करार केला, तर पावसाळ्यात शेत आणि हिवाळ्यात जिन असा क्रम लावता येईल. फवारणीचे काम केवळ अठरा वर्षांवरील उमेदवारास, संरक्षक साधनांसह व त्याला समजणाऱ्या भाषेत शिकवावे. त्याचे विद्यावेतन आणि प्रमाणपत्र हंगामाबरोबर संपू नये. ज्या तालुक्यात अज्ञात विषाच्या डब्याशी रोजची गाठ पडते, तेथे प्रशिक्षण हा रोजगाराइतकाच जिवाचा प्रश्न आहे.