व्यापारनीती आणि पत्रलेखक वाचक

वर्तमानपत्राचा अग्रलेख न वाचणारे लोक पुष्कळ आढळतात. परंतु वाचकांच्या पत्रांचे सदर न वाचणारा गृहस्थ विरळा. आमच्या सांगली-साताऱ्याकडील सुशिक्षित घरांतून हे सदर सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचले जाते आणि त्यावर वडील माणसांपासून कॉलेजात जाणाऱ्या मुलांपर्यंत सर्वजण आपले मत देतात. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे आम्ही हौसेने लिहितो. मग ज्या वाङ्मयास एवढा मोठा वाचकवर्ग लाभला आहे, त्याचे परीक्षण का होऊ नये? गेल्या चारपाच वर्षांत या पत्रांचा ओघ नवे यंत्रोद्योग आणि परदेशांशी होणारा व्यापार या दोन विषयांकडे विशेष वळलेला दिसतो. त्याच पत्रांचे गुणदोष येथे पाहावयाचे आहेत.

हा लेखनप्रकार मराठीस नवा नाही. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ सालापासून ‘लोकहितवादी’ या सहीने जी पत्रे येऊ लागली व जी पुढे ‘शतपत्रे’ या नावाने प्रसिद्ध झाली, त्यांचे लेखक गोपाळ हरि देशमुख हे काही काळ आमच्या वाईस मुनसफ होते. विलायती मालापुढे देशी कारागीर कसा बुडत चालला आहे, हा त्यांच्या चिंतेचा एक विषय होता. तथापि ते केवळ गाऱ्हाणे गाऊन थांबले नाहीत. आपल्या देशात होणारे कापड जाडेभरडे असले तरी तेच वापरावे, असे त्यांनी १८४९ च्या सुमारासच सुचविले. म्हणजे उपायाची किंमत त्यांनी प्रथम आपल्याच वाचकवर्गाकडे मागितली. दूरच्या सरकारास दूषणे देणे सोपे असते. शेजारच्या वाचकाच्या खिशास हात घालणे कठीण. आजच्या पत्रांस लावावयाची कसोटी आम्हांस येथे सापडते: भावाच्या या चढउताराचा भार कोणी सोसावयाचा, हे पत्रलेखक सांगतो की नाही?

या कसोटीस पुष्कळ पत्रे उतरत नाहीत. वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा सेमीकंडक्टरचा कारखाना तळेगावास होणार अशी अपेक्षा होती. तो गुजरातेत जाणार असे सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा पत्रांचा नुसता पूर लोटला. महाराष्ट्राचा अपमान झाला, एवढाच त्यांचा मथितार्थ. असल्या कारखान्यास किती शुद्ध पाणी, किती अखंड वीज आणि कोणत्या शिक्षणाची माणसे लागतात, याचा विचार आम्ही वाचलेल्या पत्रांत जवळजवळ नव्हता. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतले. त्यावर मात्र दोन ओळीही आमच्या पाहण्यात आल्या नाहीत. ज्या तळेगावासाठी हा शोक झाला, तेथेच १९०८ साली लोकांकडून पैसा-पैसा गोळा करणाऱ्या पैसाफंडाने काचेचा कारखाना उभा केला होता, हेही कोणास आठवले नाही. अभिमान हा दोष नव्हे. परंतु माहितीवाचून केलेला अभिमान पहिल्या बातमीबरोबर पेटतो आणि दुसरी बातमी येण्यापूर्वी विझून जातो.

या दोषापासून आम्हीही मुक्त नाही, हे कबूल केले पाहिजे. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून हिंदुस्थानच्या बहुतेक मालावरील वाढीव जकात शेकडा ५० पर्यंत नेली, तेव्हा आम्ही एक पत्र लिहिले आणि ते छापूनही आले. बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्याच्या मालास आपले दार बंद करणे हा अन्याय आहे, असे त्यात आम्ही मोठ्या आवेशाने म्हटले होते. काही दिवसांनी लोणंदकडील एका कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, आमचा जुना विद्यार्थी, भेटावयास आला. तो नम्रपणे म्हणाला, ‘‘सर, आपले पत्र वाचले, आवडले. पण डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा आमचे दार पुरतेच लागले होते. त्या वेळी आपण काही लिहिल्याचे आठवत नाही.’’ आम्हांस उत्तर सुचेना. ती बंदी मे २०२४ पर्यंत चालली. त्या हिवाळ्यात आमच्या घरी कांदा स्वस्त येत होता आणि त्याबद्दल आम्ही समाधानीच होतो. जकात आणि निर्यातबंदी ही एकाच दाराची दोन कुलुपे आहेत, हे अर्थशास्त्र आम्ही वाचलेले होते. परंतु आमचे पत्र लिहिले ते आमच्या भाजीच्या पिशवीने.

यावर कोणी म्हणेल, दीडशे शब्दांच्या पत्रात सामान्य वाचकाने अर्थशास्त्र कोठून आणावे? आक्षेप रास्त आहे, पण अर्थशास्त्र कोणी मागितलेलेच नाही. एखाद्या एकाच वस्तूची नीट ओळख असली तरी पुरे. आमच्या हळदीचे उदाहरण घ्या. अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले होते, असे आजही पत्रांतून सर्रास लिहिले जाते. वस्तुतः १९९५ साली तेथील एका विद्यापीठास मिळालेले पेटंट जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यापुरते होते. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हा उपयोग पूर्वीपासून ठाऊक असल्याचे जुने छापील आधार पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. तो विजय कागदपत्रांच्या बळावर मिळाला. ज्या सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावच्या पत्रलेखकाने तरी एवढे अचूक लिहावे, ही अपेक्षा जास्त नाही.

अशा ओळखीचा वारसाही आमच्याजवळ आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरास प्रारंभी सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती शेतावर नांगर चालवून दाखविल्याने गेली. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली त्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. जे मासिक पुढे मराठी घराघरांत वाचले गेले त्याचा जन्म यंत्रशाळेच्या अंगणात झाला, ही गोष्ट आम्हां साहित्यिकांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

आमचे मागणे दोहोंकडे आहे. संपादकांनी अधूनमधून लोणंदच्या, तासगावच्या बाजारातील माणसाचे पत्र, त्याची भाषा ओबडधोबड असली तरी, आमच्यासारख्यांच्या सफाईदार पत्राच्या वर छापावे. आणि पत्रलेखकाने लिहिण्यापूर्वी आपण या व्यवहारात विकणारे आहोत की विकत घेणारे, हे एका वाक्यात सांगून टाकावे. आम्ही आमच्या त्या विद्यार्थ्यास कांद्याच्या निर्यातीवर पत्र लिहावयास सांगितले आहे. ते छापून आले, तर खाली आमचेही दोन शब्द येतील. त्यांचा आरंभ ‘आम्ही कांदा विकत घेतो’ असा असेल.